वजन उतरेपर्यंत

बेंबीपाशी गाठ आहे हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर ती आली. आधी बोराएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. उभी राहिले की बाहेर यायची, आडवी झाले की आत जायची. लुगड्याचा घोळ जरा वर ओढला की झाकली जायची, आणि माझा घेरच असा होता की त्यात आणखी एक लिंबू कोणाला सापडणार? मी जाड होते. आमच्या तापीकाठच्या गावात मात्र जाड म्हणत नाहीत, 'आंगे भरेल' म्हणतात, आणि तेही कौतुकानं. चांगल्या घरची सून अंगानं भरलेली असली म्हणजे घर खातंपितं आहे हे न सांगता कळतं. माझ्या दंडाकडे बघून आमच्या दादर ज्वारीच्या कणग्या किती भरल्यात याचा अंदाज करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत.

हे लिहायला बसले ते एवढ्याचसाठी की अशा गाठी लुगड्याआड झाकणाऱ्या बायका अजून आहेत. आणि डॉक्टरनं 'वजन उतरवा' असं सांगितल्यावर घरी येऊन नेमकं काय खायचं, हे कोणी धड सांगत नाही. मला ते फार जिवावर बेतून कळलं.

गाठ

त्या पावसाळ्यात मला खोकला झाला. खोकताना गाठ टरारून बाहेर यायची आणि मी ती दोन्ही हातांनी दाबून धरायची. एकदा गोठ्यात अशीच उभी असताना यजमानांनी पाहिलं.

"काय व्हयनं?"

"काही नही."

"काही नही त हात काढ."

मी हात काढला. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच त्यांची कीव आली. पाऊस ओसरल्यावर त्यांनी मला दवाखान्यात नेलं. दवाखाना लांब होता. बैलगाडीनं पक्क्या रस्त्यापर्यंत, तिथून बसनं नंदुरबार, नंदुरबारहून दुसरी बस, आणि विसरवाडीच्याही पुढे. बसच्या प्रत्येक खड्ड्याला मी पोट धरत होते आणि शेजारची बाई मला पोटुशी समजून सरकून बसत होती. मीही तिचा गैरसमज दूर केला नाही, जागा चांगली मिळाली होती.

डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी गाठ दाबून पाहिली, खोकायला लावलं, मग मला वजनाच्या यंत्रावर उभं केलं. काटा सरकत गेला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अंतर्गळ आहे. बेंबीच्या भोकातून आतडं बाहेर येतंय. ऑपरेशन करावं लागेल."

मी आणलेल्या गाठोड्याकडे पाहिलं. दोन लुगडी, तांब्या, पोळ्या. मला वाटलं, आजच करतील.

"आज नाही," ते म्हणाले. "या वजनावर मी सुरी लावणार नाही. पोटावर इतकी चरबी असली की टाके धरत नाहीत. भुलीचं औषधही तुमच्या छातीला झेपायचं नाही. आधी वजन उतरवा, मग या."

यजमानांनी विचारलं, "आनि तोवर काही व्हयनं तर?"

"आतडं अडकलं तर गाठ आत जाणार नाही. दुखेल, उलट्या होतील, गाठ काळीनिळी पडेल. तसं झालं तर वजन बघायला वेळ राहणार नाही, तसंच्या तसं घेऊन या. मग जे होईल ते."

'मग जे होईल ते' हे चार शब्द मी घरापर्यंत उराशी घेऊन आले. पुढचे सगळे महिने माझ्या दिवसाला दोन टोकं होती. एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला आतडं. आधी कोण पोचतं एवढाच प्रश्न होता.

निघताना तिथल्या सिस्टरनं आम्हा दोघांना बाजूला घेतलं. ती नवापूरकडचीच होती, तोंडानं फटकळ. म्हणाली, "बाई, उपास करू नका. उपास करणारी बाई दुपारी डबे हुडकते. मधल्या वेळेला असं खा की पोट भरेल, अंगाला ताकद येईल, पण चरबी चढणार नाही. मूग खा, मटकी खा, डाळी खा, लोणी काढलेलं ताक प्या. तेलतूप, गूळ, तळलेलं बंद. आणि चालत असेल तर उकडलेली अंडी खा."

शेवटच्या शब्दाला मी आणि यजमानांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मधली वेळ

आमच्या घरात राज्य सासूबाईंचं. सगळा गाव त्यांना माय म्हणायचा, मीही मायच म्हणायची. सासरे गेल्यापासून शेतीचा आणि चुलीचा कारभार त्यांच्या हाती. उंच, ताठ, आवाज असा की मळ्यातला बैल थांबेल. अंडं, मटण घरच्या चुलीवर कधी चढायचं नाही. पुरुषांना हवं असेल तर मळ्यात, तीन दगड मांडून, वेगळ्या भांड्यात, आणि ते भांडं घरी आणायचं नाही. बायकांनी तर नावच घ्यायचं नाही.

डॉक्टरांचं म्हणणं ऐकून माय आधी हसल्या, मग चिडल्या.

"डाक्टरले काय समजस? बाईमानूसना आंगवर मांस पाहिजे. मांस नही ते बाई कसानी?"

पण ऑपरेशन, आतडं, हे शब्द ऐकल्यावर नरमल्या. "बरं. काय खावानं ते सांग, मी करी देसू," एवढंच म्हणाल्या. मला भरून आलं. मायनं माझ्यासाठी वेगळं रांधायचं म्हणजे लहान गोष्ट नव्हती.

जेवणाचं मला फारसं जड गेलं नाही. एक भाकरी, पातळ वरण, पालेभाजी, एवढ्यावर भागवता येतं. जीव जायचा तो मधल्या वेळेला. पुरुषमंडळी जेवून मळ्यात गेली, भांडी झाली, पोरं निजली की पोटात कावळे ओरडायला लागायचे. फडताळात शेव, चिवडा, डिंकाचे लाडू, गुळाची ढेप. मी फडताळाकडे पाठ करून बसायची, तरी ते मला मागून हाक मारायचं.

पहिले मी शेंगदाणे धरले. दाण्यात ताकद असते हे सगळ्यांना ठाऊक. पण भाजलेले दाणे मूठभर म्हणून घेतले की पसाभर कधी होतात ते कळत नाही, आणि दाण्यातून तेल निघतं हे घाण्याच्या गावात राहून मला कोणी सांगायला नको होतं. मग फुटाणे खाल्ले. पोट भरलं, भूक मोडली, मी खुश झाले. पण संध्याकाळी पोट असं फुगलं की गाठ वीतभर पुढे आल्यासारखी वाटली, आणि मी आडवी होऊन तासभर ती आत ढकलत राहिले. त्या दिवशी पाचावर धारण बसली. मटकीनंही तेच. ज्याच्या पोटाला असं दुखणं आहे त्याला नुसतं पोट भरणारं खाणं पुरत नाही, पोट न फुगवणारंही लागतं, हे सिस्टरलाही माझ्याकडूनच पुढे कळलं.

मूग मात्र सोसले. माय मूग भिजवून पाट्यावर जाडसर वाटायच्या, लसूण, हिंग, जिरं घालून मुटके वळायच्या आणि चाळणीवर उकडून द्यायच्या. तीन-चार मुटके आणि तांब्याभर ताक घेतलं की दिवे लागेपर्यंत खाण्याची आठवण व्हायची नाही. चवीलाही असे की मी त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. मला वाटलं, जमलं. आता वजन उतरणार.

मळ्यातली अंडी

एके दिवशी यजमान म्हणाले, "मळामां चाल. काम शे."

काम असं होतं की विहिरीच्या आडोशाला तीन दगडांवर डब्यात अंडी उकळत होती. ते स्वतः सोलत बसले. एवढा मोठा माणूस, हाताला चटके बसताहेत आणि सोलताना निम्मं पांढरं टरफलाबरोबर जातंय. मला हसू आलं, मग रडू आलं.

"खा. सिस्टर बोलनी ना."

"मायले समजनं तर?"

"मी सांगसू मी खादं."

मी डोळे मिटून खाल्लं. वास नकोसा झाला, पण दुपारभर भूक लागली नाही. मग दर दोन-चार दिवसांनी मळ्यात काम निघायला लागलं. खाऊन झाल्यावर मी विहिरीवर तोंड धुवायची, वर बडीशेप खायची, आणि चोरासारखी घरी यायची. माय माझ्याकडे बघायच्या आणि मुटक्यांची थाळी पुढे सरकवायच्या. ताकास तूर लागू दिली नाही असं मला वाटायचं.

दिवाळी झाली, कापूस घरी यायला लागला. खळ्यात कापूस मोजायचा मोठा तराजू टांगला होता. यजमानांनी माणसं बाहेर काढली, दार लावलं आणि मला पारड्यात बसवलं. दुसऱ्या पारड्यात मणाची वजनं ठेवत गेले. दवाखान्यात पौंडात झालेलं वजन त्यांनी शाळेच्या मास्तरांकडून शेरांत करून आणलं होतं. मी पारड्यात पाय दुमडून, साखळ्या धरून बसले होते आणि देवाचं नाव घेत होते. पारडं जमिनीवरून उठलं नाही. आणखी दोन शेर ठेवले, तेव्हा हललं.

वजन उतरलं नव्हतंच. उलट जरा चढलं होतं.

मी पारड्यातच बसून राहिले. इतके दिवस गोडाचा कण नाही, तळलेलं नाही, सणाच्या दिवशी सगळ्यांच्या पानात पुरणपोळी आणि माझ्या पानात मुटके. आणि फळ काय?

दवाखान्यात गेलो तर डॉक्टरांनी काटा पाहिला आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही काहीतरी चोरून खाताय." मी शपथा घेतल्या. ते म्हणाले, "शपथेनं वजन उतरत नाही." सिस्टरनंही मान फिरवली. गाठ तोवर लिंबाची पेरू झाली होती.

परतीच्या बसमध्ये यजमान बोटांवर काहीतरी मोजत होते. मग हळूच म्हणाले, "अंडा."

"काय अंडा?"

"पहिलवान लोके अंडा खाई खाईसनच फुगतस. आपुन चुकनूत."

मलाही ते पटलं. खरंच, आम्ही पाहिलेले अंडी खाणारे सगळे आखाड्यातले, रेड्यासारखे. घरच्या चुलीचा नेम मोडला त्याचीच ही शिक्षा, असंही मनात आलं. अंडी बंद झाली. पोट धरून ठेवणारी आणि निर्दोष अशी एक गोष्ट आम्ही टाकली, आणि जी टाकायला हवी होती ती मी रोज ताटलीभर खात होते.

थंडी

पौष लागला. तापीकाठची थंडी अंगात शिरते. अंडी सुटल्यापासून मला भूक अनावर व्हायची. भुकेत मी चिडायची, पोरांवर ओरडायची, यजमानांशी भांडायची. एकदा पाणी शेंदताना डोळ्यांपुढे अंधारी आली. बायका धावल्या. त्यातली एक, शेजारचीच, मायला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पाटलीन सुनले खावाले देत नही का?"

 त्या दिवशी मायनं थाळीत मुटके जास्त वाढले.

नेमकं त्याच दुपारी धाकटा तापानं फणफणला. त्याला मांडीवर घेऊन बसले आणि मुटके तसेच राहिले. पोराला घाम फुटून ताप उतरला तेव्हा संध्याकाळ होत आली होती. मी थाळी ओढली. मुटका गार, दगड झाला होता. वर पांढरी साय धरली होती. मला वाटलं, बुरशी. बोटानं खरवडली तर बोटावर मऊ थर आला. मुटका मोडला तर आतही पांढऱ्या रेषा. मी बोट नाकाशी नेलं.

तूप. थिजलेलं तूप. मुटक्याच्या पिठातच मळलेलं, मोहनासारखं. उन्हाळ्या-पावसाळ्यात ते दिसलं नसतं, गरमागरम खाताना लसूण-हिंगाच्या वासात कळलं नसतं. मी तशीच उठले आणि ताकाचं मडकं पाहिलं. वर लोण्याचे गोळे तरंगत होते. माझ्यासाठीचं ताक मायनं घुसळून अर्ध्यातच सोडलेलं होतं.

 थाळी घेऊन मी चुलीपाशी गेले. माय भाकरी थापत होत्या.

"माय, हाई काय शे?"

त्यांनी पाहिलं. नाकारलं नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "तूप शे. इख नही."

"मना साठे इखच शे! डाक्टर माले चोर बोलनात. मी मरसू ना माय, मन्हा पोरे उघडा पडतीन, तुमले काय भेटी?"

मी मायशी असा आवाज कधी चढवला नव्हता. यजमान दारात येऊन थांबले. मायनं तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती करपायला लागली. मग त्या बोलल्या, खाली बघूनच.

"मन्ही शेवंता आशीच वाळी गई व्हती."

शेवंता माझी नणंद. मी लग्न होऊन आले त्याआधी गेली, एवढंच मला माहीत होतं. तिचं नाव घरात कोणी घेत नसे.

"पहिले मनगट बारीक व्हयनं. बांगड्या उतराले लागन्यात. मंग गाल बसनात. खोकला व्हताच. मी रोज तिले तूप चारू, दूध पाजू, ती वाळतच ऱ्हायनी. मन्हा हातवर गई. आते तू खोकस. आनि डाक्टर सांगस का हिले वाळाड. मी कशी वाळाडू? तुन्हं मनगट मी रोज देखस."

मी तिथंच बसले. रागाचं काय करावं ते कळेना. जिच्या मायेनं माझा जीव चालला होता तिच्यावर ओरडावं तरी कसं?

जरा वेळानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आनि मळामां तू काय खास ते बी माले ठावं शे. बडीशेप खाईसन अंडाना वास जात नही." यजमान दारातून नाहीसे झाले.

रस्ता

त्या भांडणाला चार दिवसही झाले नसतील. मी खोकले, पोटात सुरी फिरल्यासारखं झालं आणि गाठ बाहेर आली ती आत जाईना. आडवी झाले, पाय वर केले, दाबली. दगडासारखी घट्ट. मग उलटी झाली.

अंगणात कापसानं भरलेली गाडी जिनिंगला निघायच्या तयारीत होती. यजमानांनी कापूस उतरवला नाही, त्यातच मला निजवलं. माय गाडीत चढून बसल्या, कोणाला न विचारता. पोरं जावेकडे सोपवली. रस्ताभर कापसानं हादरे झेलले. त्या दिवशी मला मिळालेलं सुख एवढंच. मायनं माझं मनगट धरलं होतं आणि सोडलं नाही.

पक्क्या रस्त्याला बसची वेळ टळून गेली होती. यजमान रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. एक ट्रक कचकन थांबला. ड्रायव्हरनं आधी शिव्या दिल्या, मग मला पाहिलं, मग खाली उतरून स्वतः मला उचलायला लागला. विसरवाडीच्या फाट्यावर सगळे ट्रक चहाला थांबतात, हा थांबला नाही. मी मनात एकच म्हणत होते, 'मग जे होईल ते, मग जे होईल ते.' दर थोड्या वेळानं लुगडं सारून मी गाठीचा रंग बघायची. काळी पडली की संपलं, एवढंच मला कळत होतं.

डॉक्टरांनी पलंगाची पायाकडची बाजू विटांवर चढवली, सुई दिली, आणि अगदी हळूहळू, पीठ मळावं तसं, गाठ दाबत राहिले. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या पोटावर पडला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग आत काहीतरी गुडगुडलं आणि गाठ गेली.

डॉक्टर खुर्चीत बसले. "आज गेली. पुढच्या वेळी जाईलच असं नाही. आता घरी सोडणार नाही. इथंच राहा, इथंच वजन उतरवा, आणि उतरलं की मी लगेच ऑपरेशनला घेतो." मग मायकडे वळले, "हिच्या पोटात काय जातं त्यावर हिचा जीव आहे, आजी."

माय म्हणाल्या, "समजनं साहेब. तूप मी घालू." म्हणजे तूप मी घालत होते. भर वॉर्डात सांगून टाकलं. मला तर धरणी दुभंगावी असं झालं, पण डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, मी तुम्हाला चोर म्हणालो होतो. मागे घेतो."

वॉर्ड

दवाखान्याच्या मागे पत्र्याची शेड होती. रोग्यांची माणसं तिथं तीन दगड मांडून आपापलं रांधत. डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या बायका, आमच्याकडच्या बायका, सगळ्यांचा धूर एकच. मायनं तिथं चूल मांडली. सकाळी सिस्टर वजन घ्यायची, पोटाला पट्टा बांधायची, व्हरांड्यात हळूहळू चालायला लावायची. भूक लागली की मी आढ्याकडे बघत पडायची. शेजारच्या पलंगावरची बाई भात खायची तेव्हा मी डोळे मिटायची, पण कान मिटता येत नाहीत.

मायचे मुटके आता कोरडे असायचे. घशाखाली उतरत नसत, ताकाबरोबर ढकलायला लागत. माय समोर बसून माझ्या घशाकडे बघायच्या, जणू प्रत्येक घास त्यांनाच टोचत होता. सिस्टरनं एके दिवशी पुन्हा अंड्याचं काढलं. "नुसत्या मुगानं होणार नाही, ताकद नाही राहणार, जखम कशी भरेल?" मी मायकडे बघायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी माय शेडमधून आल्या, पदराआड वाटी, मान भिंतीकडे.

"खाई ले. माले इचारू नको."

दोन अंडी होती. यजमानांपेक्षा पुष्कळ चांगली सोललेली. मी खाल्ली. माय नळावर जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिल्या. त्यानंतर रोज वाटी आली आणि त्यांनी एकदाही पुन्हा त्याविषयी शब्द काढला नाही.

वजन उतरायला लागलं. पण एक नवीनच धाक बसला. बांगड्या सैल झाल्या. मायच्या लक्षात येऊ नये म्हणून मी हात चादरीखाली ठेवायची. एकदा माय माझे केस विंचरत असताना मी हात वर केला, बांगडी कोपरापर्यंत घसरली आणि मायचा हात थांबला. मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणाले, "माय, माले भूक लागस. खोकला गया. शेवंतावन्सले भूक लागे का?"

मायनं बांगडी पुन्हा मनगटावर आणली. मग म्हणाल्या, "नही. तिले भूक लागे नही." आणि फणी पुन्हा चालू झाली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी काटा पाहिला आणि 'चला' म्हणाले. मला वाटलं होतं, आनंद होईल. प्रत्यक्षात मी यंत्रावरून उतरेना. यजमान पोरांना दाखवायला घेऊन आले होते, धाकटा मला ओळखेना, आजीच्या मागे लपला. भुलीच्या औषधाचा गोड, मळमळणारा वास नाकात शिरला तेव्हा वाटलं, याच्या मनात माझा हाच चेहरा राहणार.

शुद्धीवर आले तेव्हा पोटावर आग पेटली होती आणि तोंड सुकून गेलं होतं. कोणीतरी ओठांवर ओला बोळा फिरवत होतं. "झालं," सिस्टर म्हणाली, "टाके छान बसलेत. खोकायचं असेल तर उशी दाबून खोका." त्यानंतरचे दिवस मी उशीला पोराहून जास्त जपलं. जखम भरली. टाके धरले.

घरी

होळीच्या आधी आम्ही गावी आलो. गाडी थांबली तशा बायका ओट्यावर जमल्या. मी उतरले. लुगडं अंगावर लोंबत होतं, गालाची हाडं वर आली होती. कोणी तोंडाला पदर लावला. शेजारीणबाई पुढे आली. माझा दंड चाचपून मायला म्हणाली, "देवा! केवढी वाळी गई वं! दवाखानावाला उपाशी मारेत का?"

माय गाठोडं घेऊन दारात पोचल्या होत्या. त्या वळल्या. मला वाटलं, आता शिव्यांचा पट्टा सुटणार. पण आवाज चढला नाही.

"दवाखानाले बोल नको लावू. मी वाळाडी तिले, मन्हा हातथून." त्या थांबल्या. इतक्या वर्षांत त्यांनी गावापुढे जे नाव घेतलं नव्हतं ते घेतलं. "शेवंताले तूप खावाडी खावाडी मी गमाडी. हिले भुकी ठेईसन घर लई उनी."

 उपाशी ठेवून घरी आणलेली मी तिथंच, सगळ्यांसमोर, मायच्या गळ्यात पडून रडले.